रेडिओवर पोझिशन येत नाही, एआयएस पण गायब

नवा_नाखवा:
मंडळी जरा मदत करा. २२ फुटी होडी, १२ व्होल्टची एकच बॅटरी. जुना चार्टप्लॉटर (नकाशावर होडीची जागा दाखवणारा स्क्रीन) आहे, त्याला एनएमईए ०१८३ चं (बोटीवरची उपकरणं वायरीने एकमेकांना डेटा देतात ती जुनी पद्धत) एकच पोर्ट, शिवाय डीएससीवाला (डिजिटल कॉल करणारा) व्हीएचएफ रेडिओ आणि आता एआयएस रिसीव्हर (आजूबाजूची जहाजं स्क्रीनवर दाखवायला) घेतला. प्लॉटरला इनपुट एकच म्हणून रेडिओ आणि एआयएस दोघांच्या आउटपुटच्या वायरी एकत्र पिळून त्यात दिल्या, बाकी रंगाला रंग नीट जोडलाय. तरी रेडिओ सारखा बीप करतो की प्लॉटरकडून पोझिशन नाही, आणि समोरून एवढं मोठं जहाज जातंय ते डोळ्यांना दिसतंय पण स्क्रीनवर काही नाही.

खारा_वारा:
रंगाला रंग जोडलास तिथेच गोची झाली. ०१८३ मध्ये रंगांना काही अर्थ नाही, प्रत्येक कंपनीचे वेगळे. मॅन्युअल काढून बघ, प्लॉटरचं ट्रान्समिट प्लस रेडिओच्या रिसीव्ह प्लसला जायला हवं. प्लॉटर जुना असेल तर ट्रान्समिट मायनस नसेलही, मग रेडिओचं रिसीव्ह मायनस प्लॉटरच्या ग्राउंडला दे.
आणि त्या पिळलेल्या वायरी आधी सोडव. एक बोलणारा आणि ऐकणारे दोन-तीन चालतात, पण दोन बोलणारे एका इनपुटवर आले की नुसता कचरा जातो. दोन्ही हवेच असतील तर मध्ये मल्टिप्लेक्सर (दोघांचा डेटा एकाच वायरीवर देणारा डबा) लागतो, नाहीतर रेडिओचं आउटपुट सोडून दे, डीएससी कॉल आला तर रेडिओच्याच स्क्रीनवर वाच.

भरती_ओहोटी:
वरचं सगळं बरोबर पण त्याने एआयएस येणार नाही 😀 नेहमीचं ०१८३ चालतं ४८०० बॉडवर (हा डेटाचा स्पीड) आणि एआयएस ३८४०० वर. प्लॉटरच्या सेटिंगमध्ये पोर्ट ३८४०० कर. पण बऱ्याच प्लॉटरमध्ये एका पोर्टचं इनपुट-आउटपुट एकाच स्पीडवर चालतं, म्हणजे आता पोझिशनही ३८४०० ने बाहेर पडणार आणि ४८०० वर बसलेला रेडिओ परत बीप करणार. रेडिओच्या मेनूत ३८४०० आहे का बघ, काहींना असतं.

तांडेल_२.०:
या जुन्या भानगडीत कशाला पडतोस, सरळ नव्या पद्धतीचं एनएमईए २००० टाक. एक बॅकबोन (मुख्य केबल), दोन टोकांना १२० ओमचे दोन टर्मिनेटर (टोकाचे रेझिस्टर), प्रत्येक उपकरणाला टी (तीन तोंडांचा जोड) आणि ६ मीटरच्या आतली ड्रॉप केबल (बॅकबोनपासून उपकरणापर्यंतची). पॉवर बंद करून मीटर लावलास की ६० ओम आले पाहिजेत, १२० आले तर एक टर्मिनेटर विसरलास.

भरती_ओहोटी:
अरे त्याच्या प्लॉटरला ते पोर्टच नाही, आधी कन्व्हर्टर घ्यावा लागेल. तीन डब्यांसाठी एवढा खटाटोप?

नवा_नाखवा:
झालं!! रेडिओची हिरवी वायर मी रिसीव्ह समजत होतो ती ट्रान्समिट निघाली. पोझिशन आली, मग पोर्ट ३८४०० केल्यावर गेली 😅 पण रेडिओच्या मेनूत ३८४०० सापडलं, आता दोन्ही चालू. एआयएसवर फक्त जवळची दोन-तीनच जहाजं दिसतात पण, हे पण सेटिंगचंच का?

खारा_वारा:
नाही, अँटेना बघ. कुठे लावलीये? केबिनमध्ये असेल तर वर उंचावर ने. आणि रेडिओच्याच अँटेनावर साधा टी लावून जोडू नकोस हां, रेडिओ २५ वॅटने बोलला की रिसीव्हर जळेल. त्यासाठीचा एआयएस स्प्लिटर वेगळा मिळतो.

नवा_नाखवा:
केबिनमध्येच आहे, सीटखाली 🙈