मदत हवी आहे : ‘आवरणे’ याला पर्याय हवा, पण राग-लोभासाठी नव्हे

नमस्कार.

आमचा एक छोटा गट दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्या कुटुंबीयांशी बोलतो. नव्याने येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आम्ही मराठीत एक माहितीपुस्तिका लिहीत आहोत आणि तिच्यातल्या एका वाक्यापाशी माझे काम अडले आहे. घरातली बाई मन मोकळे करत असताना ‘आमच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, त्यांना एकदा दाखवून बघा’ हे शब्द अगदी ओठांवर आले, तरी स्वयंसेवकाने ते उच्चारू नयेत, तिचे बोलणे पुरे होऊ द्यावे, असे मला सांगायचे आहे. हे गप्प राहणे भीतीपोटी किंवा नाइलाजाने नसते; समोरच्या माणसाविषयीच्या आदरापोटी ते समजून-उमजून केलेले असते. त्यासाठी नेमके क्रियापद कोणते वापरावे?

सर्वांत आधी ‘आवरणे’ आठवते. राग आवरतो, जीभ आवरतो, मारायला उगारलेला हात आवरतो, हसू आणि हुंदकाही आवरतो. अडचण अशी की, ज्याला आवरायचे ते बहुधा वाईट किंवा निदान अवेळी आलेले असते. सल्ला देऊ पाहणारा स्वयंसेवक तर चांगल्या मनाने बोलणार असतो. ‘सल्ला देण्याचा मोह आवरावा’ असे लिहिले की त्याच्या कळकळीला मोहाच्या पंक्तीत बसवल्यासारखे होते, आणि ते मला अन्यायाचे वाटते.

बाकीचे शब्दही तपासून पाहिले. ‘दाबणे’ आणि ‘दडपणे’ यांत आत काहीतरी कोंडून राहते. हुंदका दाबणारा माणूस मोकळा झालेला नसतो. ‘गिळणे’ अपमानाशी जोडलेले आहे, आणि ‘मूग गिळून बसणे’ म्हणजे तर जिथे बोलायला हवे होते तिथे न बोलणे. ‘टाळणे’ यात अंग काढून घेतल्याचा वास येतो. ‘हात आखडता घेणे’ कंजूषपणाकडे झुकते. ‘मन मारणे’ यात इच्छेचा कायमचा बळी जातो. ‘संयम बाळगावा’ हे चुकीचे नाही, पण दंगलीनंतरच्या सरकारी आवाहनात ते इतक्या वेळा येऊन गेले आहे की, पलंगाशेजारी बसून ऐकणाऱ्या माणसाला ते लागू पडत नाही. ‘सबुरीने घ्यावे’ जवळचे वाटते, मात्र त्यात वाट पाहणे अधिक आणि स्वतःला थांबवणे कमी आहे. ‘सावरणे’ तर वेगळेच आहे : तोल गेल्यावर किंवा दुःख कोसळल्यावर माणूस स्वतःला सावरतो, आणि मर्यादा ओलांडण्याआधी आवरतो.

आणखी एक शंका प्रयोगाची आहे. ‘मी हसू आवरले’ यात कर्त्याची इच्छा आहे, तर ‘मला हसू आवरेना’ यात त्याची असमर्थता आहे. सल्ला दिला गेलाच, तर तो स्वयंसेवकाने आवरला नाही असे म्हणावे, की त्याला आवरता आला नाही असे? पुस्तिकेत त्याला दोष द्यायचा नाही, पण ‘आपल्या हातात काही नव्हते’ अशी सूटही द्यायची नाही.

आपल्या बोलण्यात यासाठी एखादा नेमका शब्द असेल, मग तो एखाद्या बोलीतला का असेना, तर कृपया वाक्यासह कळवावा.

प्रतिसाद :

आपण ‘सल्ला देण्यापासून स्वतःला रोखावे’ असे लिहिले नाही, हे बरे केले. वाट रोखतात, मोर्चा रोखतात. स्वतःच्याच बोलण्याला रोखणे मला अनुवादातले वाटते. संस्कृतातून आलेले शब्दही इथे उपयोगी पडतील असे वाटत नाही. संयम, नियम, नियंत्रण यांच्या मुळाशी ‘यम्’ हा एकच धातू आहे, निग्रहात ‘ग्रह्’ आहे, निरोधात ‘रुध्’. या सर्वांत धरून ठेवण्याचा, अडवण्याचा जोर आहे. ‘दमाने घ्यावे’ मात्र विचारात घ्यावे. ‘शम-दम’ यातला दम दमनाचा आहे, पण दमाने घेण्यातला दम फारसीतून आलेला, श्वासाचा आहे. त्यामुळे त्यात जबरदस्ती नाही. ‘सल्ला देण्याची घाई न करता दमाने घ्यावे’ हे वाक्य आपल्याला चालेल का?

मूळ प्रश्नकर्ती :

दम या दोन शब्दांमधला फरक माझ्या लक्षात आला नव्हता. आभारी आहे. मात्र ‘घाई करू नये’ म्हटले की थोड्या वेळाने सल्ला द्यायला हरकत नाही, असा अर्थ निघतो. आम्हाला तो त्या भेटीत मुळीच नको आहे. तिने स्वतः विचारले तरच बोलायचे.

प्रतिसाद :

माझ्या मते ‘आवरणे’ सोडू नये, फक्त त्याचे कर्म बदलावे. आपण पसारा आवरतो, दुकान आवरतो, भाषण लांबले की आवरते घेतो. यात वाईट काहीच नसते. जे बाहेर पसरले किंवा पसरू लागले आहे, ते परत जागेवर आणणे, एवढाच अर्थ असतो. म्हणून ‘मोह’ हा शब्द गाळून सल्ल्यालाच कर्म करावे : ‘ओठांवर आलेला सल्ला आवरावा आणि तिचे बोलणे पुरे होऊ द्यावे.’ सल्ला चांगला असू शकतो, हे वाक्य नाकारत नाही.

फक्त ‘स्वतःला आवरावे’ असे लिहू नये. त्यातून स्वयंसेवकच अनावर झाल्यासारखे वाटते. आणि नुसते ‘आवरा’ असे आज्ञार्थी रूपही शीर्षकात नको, कारण घराघरांत त्याचा पहिला अर्थ ‘लवकर तयार व्हा’ असाच आहे.

प्रयोगाविषयी : ‘सल्ला आवरता आला नाही, तर पुढच्या भेटीत त्याविषयी गटात बोलावे’ असे लिहिता येईल. ‘येणे’ या सहायक क्रियापदामुळे हे जमण्याजोगे कौशल्य ठरते. पोहता येते, तसेच आवरताही येते, म्हणजे ते शिकता येते. दोष आणि सूट दोन्ही टळतात.

मूळ प्रश्नकर्ती :

‘ओठांवर आलेला सल्ला आवरावा’ हे मला पटले, आणि ‘आवरता येणे’ तर आमच्या प्रशिक्षणाच्या हेतूशी थेट जुळते. आता एवढेच विचारते : ‘आवरावा’ आणि ‘आवरून धरावा’ यांपैकी दुसरे रूप संपूर्ण भेटभर टिकणारी कृती अधिक स्पष्ट करते असे मला वाटते, पण ‘धरणे’ जोडल्याने पुन्हा ताण तर येत नाही ना? पुस्तिका मोठ्याने वाचून शिकवली जाणार आहे, म्हणून कानाला कोणते रूप सहज वाटते तेही कळवावे.