साताऱ्याजवळ घरच्यांसोबत निवांत सायकलिंगसाठी रूट सुचवा (घाट नको, जुनी देवळं-विहिरी असतील तर उत्तम)

करंजेकर_सायकल
नमस्कार मंडळी, सातारा शहरातच राहतो. दिवाळीनंतर रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन सायकल मारायचा विचार चाललाय. मी, बायको आणि अकरा वर्षांची मुलगी. तिघांकडं साध्या गिअरच्या सायकली आहेत, रोडबाईक वगैरे नाही. वीस-पंचवीस किलोमीटर एका दमात नाही पण थांबत थांबत होतं आमचं. अट एवढीच की मोठा चढ नको, ट्रकवाले अंगावर येतील असा रस्ता नको, आणि वाटेत बघायला काहीतरी जुनं पाहिजे, कारण मुलीला शाळेत मराठ्यांचा इतिहास चालू आहे आणि ती रोज प्रश्न विचारून हैराण करते. नुसतं पुस्तकातून सांगण्यापेक्षा तिथं नेऊन दाखवावं असं वाटतंय. कुणी या भागात फिरलं असेल तर सविस्तर सांगा, पाणी-नाश्ता कुठं मिळतो ते पण.

डोंगरवाट
कास! यवतेश्वरचा घाट चढला की पुढं सगळं पठार. एकदा वर पोचलात की स्वर्ग आहे.

माहुलीचा
डोंगरवाट भाऊ, त्यांनी घाट नको म्हणून पहिल्याच ओळीत सांगितलंय की. कासला जायला साताऱ्यापासून वीस-बावीस किलोमीटर आणि सुरुवातच चढानं, अकरा वर्षांच्या पोरीला पहिल्याच रविवारी यवतेश्वर चढवला तर ती परत सायकलला हात लावणार नाही. शिवाय फुलांचा मोसम दिवाळीपर्यंत सरलेला असतो.

करंजेकर दादा, तुम्ही पश्चिमेला बघूच नका, पूर्वेला बघा. नदीकडं. पहिला रविवार संगम माहुली. गावातनं जेमतेम पाच किलोमीटर, कोरेगाव रस्त्यानं. अडचण एकच, हायवे ओलांडायचा बॉम्बे रेस्टॉरंट चौक. तिथं पुलाखालनं जाताना सरळ उतरून सायकली हातात धरून चालत जा, लाज वाटायचं कारण नाही. सकाळी साडेसहाला निघालात तर गर्दी नसते, आठनंतर मात्र तो रस्ता लई वाहतो.

आता माहुलीत काय बघायचं ते सांगतो कारण लोक देवळाला हात जोडतात आणि परत फिरतात. कृष्णा आणि वेण्णा, दोघी महाबळेश्वरातनं निघतात, वेगवेगळ्या खोऱ्यांनी येतात आणि माहुलीत एकत्र होतात, हे मुलीला घाटावर उभं करून दाखवा, भूगोल तिथंच पक्का होतो. पश्चिम काठ म्हणजे संगम माहुली, पूर्व काठ म्हणजे क्षेत्र माहुली. संगम माहुलीतलं विश्वेश्वराचं देऊळ 1735 च्या सुमाराचं, श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. काळ्या दगडाचं अंग आणि वर विटा-चुन्याचं शिखर, जवळ जाऊन बघा, दगड कुठं संपतो आणि चुना कुठं सुरू होतो ते बोटानं दाखवता येतं. रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे. पेशव्याच्या तोंडावर न्याय सांगणारा माणूस ज्या गावातला, त्या गावाच्या घाटावर आपण बसलोय हे पोरांना सांगितलं की डोळे मोठे होतात.

आणि खंड्या विसरू नका. शाहू महाराजांचा लाडका कुत्रा, शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं अशी कथा सांगतात, त्याची समाधी इथं आहे, दगडात कोरलेला कुत्रा बसलाय. लहान मुलं बाकी सगळं विसरतील पण खंड्या लक्षात राहतो. येसूबाई आणि ताराराणी, दोघींच्या समाध्या माहुलीच्याच. मराठ्यांचा इतिहास चालू आहे म्हणताय तर या दोन नावांसाठी तरी तिथं पाच मिनिटं शांत उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. घाटावर प्लास्टिक टाकू नका, निर्माल्याच्या पिशव्या बघून जीव तुटतो.

जाऊन येऊन दहा-बारा किलोमीटर होतात. नाश्ता परत शहरात येऊनच करा.

करंजेकर_सायकल
वा, खंड्याचं माहीत नव्हतं! हे नक्की. लिंबची बारा मोटेची विहीर सायकलवर जमेल का? हायवेची भीती वाटते.

चेन_टाईट
लिंब जमतं. साताऱ्यापासून सोळा किलोमीटरच्या आसपास आहे. पण मुलीला घेऊन हायवेवर चालवू नका, साफ नाही. लिंब खिंडीत चढ आहे आणि पुण्याच्या बाजूनं गाड्या सुसाट येतात, आम्ही चारचार मोठी माणसं असतो तरी तिथं पोटात गोळा येतो. जिथं सर्व्हिस रोड आहे तिथं तोच धरा. त्यापेक्षा एखादा छोटा टेम्पो सांगा, सायकली टाका, लिंब फाट्याच्या आत उतरा आणि तिथनं पुढं गावातल्या रस्त्यांनी फिरा. लिंब, शेरे लिंब, मग नदीवरचं कोटेश्वर, असं सगळं आरामात होतं. दोन्ही बाजूला ऊस, मधी मधी आंब्याची झाडं, रस्ता सपाट.

विहिरीबद्दल थोडं लिहितो कारण ती माझी जीव की प्राण जागा आहे. वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधून घेतली, आंबराईला पाणी द्यायला. वरनं बघाल तर नुसता अष्टकोनी खड्डा वाटेल, आत उतरल्याशिवाय काही कळत नाही. जिन्यानं खाली गेलं की कमान, कमानीच्या बाजूला भिंतीत शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) कोरलेत, आणि मग विहिरीच्या पोटातच एक छोटा महाल आहे, खांबांवर नक्षी, बसायला जागा, बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत गार. खोली 110 फूट आणि व्यास 50 फूट सांगतात. वर काठावर या मोटांच्या जागा बघायला, दगडात बसवलेल्या आहेत, एकावेळी बारा मोटा चालायच्या म्हणून हे नाव. मोट म्हणजे काय हे मुलीला आधी घरी सांगून ठेवा, विहिरीतनं पाणी उपसायची कातड्याची पिशवी, ती ओढणारे बैल, नाडा, सगळं, म्हणजे तिथं उभं राहिल्यावर ती स्वतःच बैल कुठनं कुठं चालत असतील ते शोधायला लागेल. कठड्याजवळ हात धरून ठेवा हे वेगळं सांगायला नको.

वाईची_ताई
लिंब झाल्यावर आमच्या वाईला या. इथं तर सायकलसाठी देवानंच रस्ता आखलाय. सायकली गाडीवर टाकून वाईपर्यंत या, गणपती घाटावर गाडी लावा. ढोल्या गणपती 1762 चा, रास्ते सरदारांनी बांधलेला, देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय म्हणजे पुराचं पाणी कापलं जावं. मुलीला देवळाच्या मागं घेऊन जा, पुढनं दर्शन घेऊन निघालं की ते दिसतच नाही.

मग मेणवली, फक्त तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि खाली चंद्रकोरीसारखा घाट. घाटावरच्या छोट्या देवळात मोठी घंटा टांगलीय ती वसईच्या चर्चमधली, 1739 ला चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतल्यावर आणलेल्यांपैकी. तिच्यावर 1707 साल आहे आणि बाळाला घेतलेली मेरी. मेणवलीच्या दगडी घाटावर पोर्तुगीज घंटा कशी आली, एवढ्या एका प्रश्नावर चिमाजीअप्पांची सगळी मोहीम सांगून होते.

पुढं भोगाव, जुने कवी वामन पंडितांची समाधी. मग धोम, वाईपासून आठ-नऊ किलोमीटर. धोमला नंदी कासवाच्या पाठीवर आहे, खाली कमळासारखं कुंड, कुंडात पाणी भरलेलं असलं की कासव पोहतंय असं वाटतं. रस्त्याला हलके चढ-उतार आहेत, दम लागेल पण ढकलायची वेळ येणार नाही. धरणाच्या भिंतीकडं मात्र जाऊ नका, पाण्यात मुलांना उतरवू नका.

मेणवलीत वाडा बघायला मिळेलच असं धरून जाऊ नका, उघडा असेल तर भाग्य. घाट कायम मोकळा.

ऊसवाला
दोन गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. दिवाळीनंतर म्हणजे गाळप हंगाम सुरू. लिंब काय, भुईंज काय, सगळीकडं उसाचे ट्रॅक्टर, एकाला दोन दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला बऱ्याचदा लाल दिवा पण नसतो. ट्रॅक्टरवाल्याला मागचं काही दिसत नाही आणि दुसरी ट्रॉली वळणावर आत येते. त्यामुळं ट्रॅक्टर दिसला की पाय टेकवून रस्त्याच्या खाली थांबायचं, तो गेला की निघायचं. मुलीला हा नियम घरी पाठ करून घ्या. अंधारात आणि धुक्यात निघू नका, उजाडल्यावरच.

दुसरं बाभळीचे काटे. शेताच्या कडेनं बाभळीच्या फांद्या छाटून टाकलेल्या असतात, डांबर सोडून साईडपट्टीवर गेलात की पंक्चर ठरलेलं. ट्रॅक्टरसाठी खाली उतरताना आधी खाली बघा. जादा ट्यूब, पंप, आणि टायर काढायचे लिव्हर जवळ ठेवा. गावात पंक्चरवाला असतो पण रविवारी सकाळी सातला दुकान उघडं नसतं.

धावडशी_रोड
चौथा रविवार माझ्याकडून. धावडशी. वर्ये-नेले-किडगावच्या बाजूनं आत, गाड्या कमी. ब्रह्मेंद्रस्वामींची समाधी, 1745 साली त्यांनी इथं देह ठेवला, थोरले बाजीराव त्यांना गुरू मानायचे. भार्गवरामाचं (परशुरामाचं) देऊळ आणि दगडी बांधकामाची पाण्याची कुंडं बघण्यासारखी आहेत. किडगावपर्यंत सपाट, नंतर थोडा चढ लागतो, पण तोवर तुमची मुलगी तयार झाली असेल. लोक महाबळेश्वरला पळतात आणि हे गाव डाव्या-उजव्या हाताला सोडून देतात याचं वाईट वाटतं.

चेन_टाईट
धावडशीला +1. चहाच्या टपऱ्या आहेत वाटेत पण जेवणाचं बघायचं तर घरनं भाकरी-पिठलं न्या.

औंधकडचा
घरच्यांसोबत नाही, पण दादा तुम्ही एकटे कधी मोठी राईड करणार असाल तर औंध लक्षात ठेवा. रहिमतपूरमार्गे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर एका बाजूनं. यमाईच्या डोंगरावर जाताना वाटेतच श्री भवानी संग्रहालय आहे, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 ला उभारलेलं. रविवर्म्याची मूळ चित्रं आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं शिल्प माणदेशाच्या उंबऱ्यावरच्या या छोट्या गावात आहे, एका संस्थानिकानं ते लोकांसाठी ठेवलंय. जायच्या आधी संग्रहालयाचा सुट्टीचा वार विचारून घ्या, दमून पोचायचं आणि दाराला कुलूप बघायचं यासारखा दुसरा मनस्ताप नाही. रहिमतपूरनंतर सावली कमी, पाणी दुप्पट न्या.

करंजेकर_सायकल
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला रविवार माहुली, मग लिंब टेम्पोनं, मग वाई. बायकोला विचारलं तर तिला धावडशी आधी पाहिजे, तिच्या आजोळकडचं गाव आहे ते. एक विचारायचं राहिलं, टेम्पोत सायकली बांधताना काय काळजी घ्यायची? आमच्या सायकली आडव्या टाकल्या तर गिअरचं काय होईल?

माहुलीचा
आडव्या टाकायच्याच झाल्या तर गिअरची बाजू वर ठेवा, म्हणजे चेन ज्या बाजूला आहे ती. मधी जुनं पोतं किंवा गोधडी घाला, नाहीतर एकीचं पेडल दुसरीच्या स्पोकात जातं. शक्यतो उभ्याच ठेवा, सीट एका बाजूला आणि हँडल दुसऱ्या बाजूला अशी उलटसुलट, आणि दोरी हँडलला नको, फ्रेमला बांधा. उतरवल्यावर निघायच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून बघा आणि मागचं चाक हातानं फिरवून गिअर एकदा खाली-वर करून घ्या. माहुलीला येणार तो रविवार इथं टाका, मी पण घरच्यांना घेऊन घाटावर येतो.

वाईची_ताई
आणि वाईचा रविवार मला आधी कळवा, भोगावचा रस्ता कुठं खोदलाय का ते बघून सांगते.