मदत हवी आहे: टोमॅटो-कांद्यासाठी पिकअप, नवी बीएस६ घ्यावी की जुनी बीएस४?

ओतूरचा_भाऊ

नमस्कार मंडळी,

शेत ओतूरच्या पुढे, माळशेजच्या अंगाला. टोमॅटो आणि कांदा ही मुख्य पिकं. आजवर भाड्याच्या गाडीवर भागवलं, पण ऐन तोडणीत गाडी मिळत नाही, आणि मिळालीच तर भाड्याचा भाव टोमॅटोपेक्षा तेजीत. म्हणून घरची गाडी घ्यायचं चाललंय.

वापर असा: हंगामात दिवसाआड नारायणगाव मार्केट, जाऊन २०-२५ किलोमीटर. भाव बरा असला तर वाशी, तेही माळशेज-मुरबाड-कल्याण असं. बाकी दिवस शेत ते घर, खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या. मी आणि धाकटा भाऊच चालवणार, ड्रायव्हर ठेवणार नाही.

नवी, म्हणजे बीएस६ (धुराच्या प्रदूषणाचे आताचे नियम पाळणारी), घेतली तर डोळ्यासमोर बोलेरो पिकअप, योद्धा, इंट्रा व्ही५० आणि दोस्त आहेत. शिवाय ओळखीत एक २०१९ ची बीएस४ (त्याआधीच्या नियमांची) पिकअप विकायला आहे. दाजी म्हणतात, बीएस६ म्हणजे नुसत्या वायरी आणि सेन्सर, खेड्यात नको. शोरूमवाला अर्थात उलटं सांगतो. मला टिकाऊपणा आणि पाच-सात वर्षांनी विकताना हाती काय येईल, या दोन गोष्टी बघायच्या आहेत. नुसतं 'अमुकच घ्या' नको, का तेही लिहा.

कमानपाटा

भाऊ, आधी हे सांगा की एका खेपेला कॅरेट (मालाचे प्लास्टिकचे क्रेट) किती भरणार? २० किलो माल आणि कॅरेटचं वजन मिळून २२ किलो धरा. १.३ टन माल नेणाऱ्या गाडीत साठच्या आतच बसतात, १.७ टनवालीत ७५-७७. आपल्याकडे त्याच गाडीत १२० लादतात, वरून मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवून घेतात आणि मग म्हणतात क्लच प्लेट टिकत नाही, कंपनी वाईट. पाटे वाढवले म्हणून ब्रेक वाढत नाहीत. माळशेज उतरताना हे फार लवकर कळतं. पकडलं तर ओव्हरलोडचा दंड २०,००० पासून सुरू, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. अपघात झालाच तर विमा कंपनीला हरकत घ्यायला आयतं कारण.

आता गाड्या. बोलेरोचं २५२३ सीसी इंजिन ताकदीला काही भारी नाही, ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास. पण खालच्या आरपीएमला ओढते आणि आळेफाट्यापासून मुरबाडपर्यंत कुठल्याही गॅरेजवाल्याला ती पाठ आहे. जुन्या बाजारात हिला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच. केबिन मात्र बैलगाडी, रिकामी असली की कंबर मोजून घेते. योद्धाचं २.२ लिटरचं इंजिन १०० हॉर्सपॉवरचं, भरल्या गाडीने घाट चढायला हीच सरस. विकताना मात्र थोडं थांबावं लागतं. इंट्रा आणि दोस्त दीड लिटरवाल्या, नारायणगावपुरत्या उत्तम, डिझेलही कमी पितात. भरून वाशी नेहमी करणार असाल तर मी नाही घेणार.

घाटावरची

दादा, आमच्या घरी भाजीपाल्याच्या गाड्या चालतात, हिशेब मी बघते. तुमच्या दाजींचं अर्धं बरोबर आहे. बीएस६ ला सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी असते, ती काजळी धरते. काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगलाच, ६०० अंशांच्या आसपास, तापावा लागतो. शेत ते घर अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तापत नाही, जाळी भरत जाते, दिवा लागतो. लोक दिव्याकडे दुर्लक्ष करतात किंवा जाळणं चालू असतानाच इंजिन बंद करतात. मग न जळालेलं डिझेल ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं तर समजा हेच झालंय, लगेच बदला.

आमची एक गाडी (कंपनी कुठली ते जाऊ द्या) अशीच सारखी सर्व्हिस सेंटरला जायची. मग नियम केला: मार्केटला माल उतरवला की परतताना हायवेला वीसेक मिनिटं एका लयीत पळवायची, आणि दिवा लागलेला असेल तर घराच्या दारात आली तरी बंद करायची नाही, पुढे एक चक्कर मारून यायचं. त्यानंतर त्रास जवळजवळ संपला. तुमच्या वाटेवर पुणे-नाशिक रस्ता आहेच. ऑईल मात्र कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच, तिथे दोनशे रुपये वाचवू नका. आणि कुणी 'जाळी काढून टाकतो, कटकट मिटेल' म्हणालं तर ऐकू नका. ते बेकायदा आहे, पुढे पासिंगला आणि विकताना दोन्हीकडे अडकाल.

खर्चात थर्ड पार्टी विमा विसरू नका. मालवाहूला, साडेसात टनांच्या आत, २०२२ च्या दराने तोच १६,०४९ रुपये वर्षाला. लायसन्सची चिंता नको, साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, चालतं, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलंय. परमिटचं मात्र बघा: भरल्या गाडीचं एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर लागत नाही, वर गेलं की लागतं.

नाशिकचा_गडी

+१ ताई. जुनीबद्दल माझं. बीएस४ ची विक्री ३१ मार्च २०२० ला संपली, म्हणजे त्यातली तरुणातली तरुण गाडीही आता वयात आलेली. आठ वर्षांपर्यंत फिटनेस (आरटीओची गाडी-तपासणी) दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. २०१९ ची गाडी त्या उंबरठ्यावरच आहे. दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मालवाहूवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुनीवाले अजून आधीच्या नवीच्या भावावरून हिशेब सांगतात. तेवढं तिथेच तोडा.

बघायला जाताना मालकाला आदल्या दिवशी सांगा, सकाळी मी येईपर्यंत चालू करू नका. थंड इंजिन काय बोलतं ते ऐका. चालू असताना ऑईलचं झाकण उघडा, फकफक धूर आला तर रिंग-पिस्टन गेलेत, नमस्कार करून निघा. खाली वाकून पाटे चॅसिसला बसतात तिथे वेल्डिंगचे डाग शोधा. हौदा नवा रंगवलेला असेल तर खालून बघा. किलोमीटर मीटरवर नाही, सर्व्हिस रेकॉर्डवर वाचायचे. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर विमा, फिटनेस, बोजा (गाडीवरचं कर्ज), आणि दंडाची चलनं वेगळी तपासा. बोजा असेल तर फायनान्सची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा नाही.

ओतूरचा_भाऊ

सगळ्यांचे आभार. कमानपाटा, आमची तोडणी एका दिवशी ८०-९० कॅरेटची असते, म्हणजे १.७ वाल्यातही थोडे मागे ठेवावे लागतील किंवा दोन खेपा. हा हिशेब घरात कुणीच मांडला नव्हता, दाजींनी तर नाहीच. ताई, नियम लिहून भावाला दिलाय.

मन आता नव्या बोलेरोकडे झुकतंय, पण २०१९ वाली बघितल्याशिवाय नाही म्हणणार नाही. रविवारी सकाळी जातोय. नारायणगाव-मंचर पट्ट्यात कुणी डिझेलचा चांगला मिस्त्री सुचवेल का, जो सोबत येऊन गाडी बघेल? त्याचा दिवस भरून देईन. व्यनि (खाजगी निरोप) करा.