आधी नंबर सेव्ह करवून घ्या

घरच्या फराळासाठी फेसबुकवर पैसे देऊन जाहिरात करावी का, यावर वर बहुतेकांनी 'हो' म्हटलंय. माझा अनुभव जरा वेगळा. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. मागच्या दिवाळीत पोस्ट बूस्ट केली, म्हणजे पैसे देऊन ती जास्त लोकांना दाखवली. लाइक्स ढीगभर, पण चौकशा देवास-पीथमपूरहून! तिकडे अनारसे कोण पोचवणार? जाहिरात दाखवताना शहराभोवतीचा परीघही धरला जातो, हे मी बघितलंच नव्हतं (चूक माझीच). खऱ्या ऑर्डरी आल्या त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधून (एकच मेसेज एकदम अनेकांना, पण प्रत्येकाला वेगळा जातो ती यादी). एका लिस्टमध्ये 256 जण मावतात, पण मेसेज पोचतो तो फक्त आपला नंबर सेव्ह केलेल्यांनाच. म्हणून यंदा गणपतीच्या आरतीला भेटेल त्या काकूंच्या फोनमध्ये मी स्वतःच नंबर टाकून दिला. 'चकलीवाली' या नावानं.