मदत हवी आहे: पोस्टग्रेस हाताने चालतं, क्रॉनमध्ये नाही

दादर_स्लो: मंडळी अर्जंट आहे. टर्मिनलवर पीएसक्यूएल (पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलायची कमांड) मारलं की बरोबर रिपोर्टच्या डेटाबेसला जातं, तीच स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्राम) चालली की सॉकेट (त्याच मशीनवरच्या सर्व्हरला जोडायची जागा) सापडत नाही म्हणते, सर्व्हर याच मशीनवर चालू आहे का विचारते. अहो सर्व्हर दुसरीकडे आहे! आधीचा माणूस सोडून गेला, होस्ट-पोर्ट, म्हणजे सर्व्हरचा पत्ता आणि त्यावरचा नंबर, कुठे लिहून ठेवलेत देव जाणे, नवीन मुलीला पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवले. हे सगळं एका जागी दिसेल असं काही नाही का? उद्या नऊला रिपोर्ट द्यायचाय.

चहाबाज: ओएस कुठली? क्रॉन कोणाच्या नावावर? आम्ही काय पोपट घेऊन बसलोय का?

दादर_स्लो: उबुंटू. क्रॉन माझ्याच नावावर असेल ना, अजून कोणाच्या.

किंग्जसर्कल: आमच्याकडे मायएसक्यूएल, होममध्ये (युजरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये) डॉट माय डॉट सीएनएफ ही सेटिंगची फाइल टाकली की विषय संपला. पोस्टग्रेसच्या नादाला लागलातच कशाला?

चहाबाज: हे विचारलंय का त्यांनी? दादर, 'सॉकेट' म्हणतोय म्हणजे त्याला होस्ट मिळालेलाच नाही, मग तो त्याच मशीनवर शोधत बसतो. बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाते ती फाइल) पीजीहोस्ट हे एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्राम्सना दिसणारं सेटिंग, एक्स्पोर्ट केलेलं असणार, क्रॉन ती फाइल वाचत नाही. एनव्ही ही कमांड मारून पीजीने सुरू होणारं काय काय आहे बघा. आणि पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश कॉनइन्फो, नक्की कुठे जोडलंय ते सांगतं.

दादर_स्लो: निघालं!! पीजीहोस्ट, पीजीपोर्ट ६४३२, सगळं बॅशआरसीत. पण पोर्ट ५४३२ असतो ना?

जुना_डीबीए: ६४३२ म्हणजे मध्ये पीजीबाउन्सर (पोस्टग्रेसची कनेक्शन्स वाटून देणारा प्रोग्राम) असणार, त्याचा डीफॉल्ट तो. तुम्ही इंडेक्स तपासलेत का? रिपोर्ट स्लो असेल तर आधी ते बघा.

सुप्रिया_ठाणे: स्लो कोण म्हणालं काका, त्याच्या आयडीत आहे फक्त 😀 दादर, होममध्ये पीजी_सर्व्हिस डॉट कॉन्फ ही सर्व्हिस फाइल करा, पुढे डॉट लावून. चौकटी कंसात कनेक्शनचं नाव, खाली होस्ट, पोर्ट, डीबीनेम, युजर. मग स्क्रिप्टमध्ये नुसतं सर्व्हिस=रिपोर्ट. ही फाइल टीमला बिनधास्त द्या, फक्त पासवर्ड त्यात नको, तो पीजीपास या पासवर्डच्या फाइलमध्ये.

जुना_डीबीए: काही उपयोग नाही, एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल असलं की तेच जिंकतं.

सुप्रिया_ठाणे: नाही हो, उलट. सर्व्हिस फाइल एनव्हायर्नमेंटच्या वर, आणि कनेक्शन स्ट्रिंगमध्ये थेट लिहिलेलं त्याच्याही वर. डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय.

जुना_डीबीए: बघतो.

किंग्जसर्कल: अवांतर, ट्रान्सहार्बरला आज पण गर्दी आहे का? ऐरोलीला जायचंय.

सुप्रिया_ठाणे: ठाण्याला नऊनंतर चढू नका.

दादर_स्लो: फाइल केली, हाताने चालतंय, क्रॉन म्हणतं अशी सर्व्हिसच नाही. वैताग आलाय.

चहाबाज: क्रॉनटॅब (क्रॉनच्या कामांची यादी) रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य ॲडमिनचा, नाही ना? रूटचं होम वेगळं, तुमची फाइल त्याला दिसणारच नाही.

दादर_स्लो: ...रूटचाच होता. स्वतःच्या क्रॉनटॅबमध्ये घेतलं, आता पासवर्ड दिला नाही म्हणतंय.

चहाबाज: पीजीपासची परमिशन ६००च हवी, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी, ग्रुपला जरी वाचता येत असेल तर तो ती फाइल बघतच नाही. आणि ओळीत होस्ट अगदी सर्व्हिस फाइलमध्ये लिहिलाय तसाच, एकीकडे आयपी एकीकडे नाव असं चालत नाही. होस्ट, पोर्ट, डेटाबेस, युजर, पासवर्ड, मध्ये कोलन.

दादर_स्लो: आयपी आणि नाव, तेच होतं. चाललं!!! चहा माझ्याकडून. आता नवीन मुलीला हीच फाइल देतो, तिचं विंडोज आहे, होममध्येच टाकायची ना?

चहाबाज: विंडोज हे आत्ता सांगताय. होममध्ये नाही, ॲपडेटातल्या पोस्टग्रेसक्यूएल फोल्डरमध्ये. पासवर्डची फाइल तिथे पीजीपास डॉट कॉन्फ, तिला पुढे डॉट नाही. सर्व्हिसच्या फाइलला मात्र तिथेही आहे, का ते विचारू नका.