स्टेट मॅट्रिक्स : ‘अवस्था’ की ‘स्थिती’?

माझी भाची संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला मी मार्कोव्ह साखळी मराठीतून समजावतेय, म्हणजे ठरलेल्या संभाव्यतांनी एका ‘स्टेट’मधून दुसऱ्यात जाण्याचं (ट्रान्झिशनचं) गणित. ट्रान्झिशनला मी ‘संक्रमण’ म्हणते, ते तिला लगेच पटलं; संक्रांतीला सूर्य एका राशीतून दुसरीत जातो, तसंच हे. अडलंय स्टेट मॅट्रिक्सवर, म्हणजे कोणत्या ‘स्टेट’मध्ये किती वाटा आहे ते मांडणाऱ्या आकड्यांच्या सारणीवर. मी ‘अवस्थेची सारणी’ म्हटलं, तर ती विचारते, “मावशी, अवस्था तर दोनच आहेत ना, मग गुणाकार केला की दर वेळी नवी अवस्था कुठून येते?” मला उत्तर देता आलं नाही. नेमका शब्द कोणता?

उत्तर : ताई, भाचीने नेमक्या जागी बोट ठेवलंय. इंग्रजीत दोन वेगळ्या गोष्टींना ‘स्टेट’ हा एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन आहेत, ते वापरावेत.

अवस्था म्हणजे ठरलेल्या टप्प्यांपैकी एक. बाल्यावस्था, वृद्धावस्था; जागृती, स्वप्न, सुषुप्ती. माणूस एका वेळी एकाच अवस्थेत असतो. स्थिती म्हणजे त्या घडीचा एकूण हिशेब : पिकांची स्थिती, धरणांतल्या साठ्याची स्थिती. म्हणून सुटा ‘स्टेट’ ती अवस्था आणि स्टेट मॅट्रिक्स ती ‘स्थिती-सारणी’.

समजा, परळच्या एका कचेरीत १,००० माणसं आहेत. अवस्था दोन : लोकलने येणारे आणि बेस्टच्या बसने येणारे. दर महिन्याला लोकलवाल्यांतले ८०% लोकललाच राहतात, २०% बस धरतात. बसवाल्यांतले ३०% लोकलकडे वळतात, ७०% बसलाच राहतात. ही झाली संक्रमण-सारणी. ती बदलत नाही. आज निम्मे-निम्मे असतील तर स्थिती [०.५ ०.५], आधी लोकलचा वाटा, मग बसचा. पुढच्या महिन्यात लोकलवाले ०.५ × ०.८ + ०.५ × ०.३ = ०.५५, म्हणजे स्थिती [०.५५ ०.४५]. त्याच्या पुढे [०.५७५ ०.४२५]. अवस्था दोनच्या दोनच. नवी होते ती स्थिती.

एक शंका : पण “काय अवस्था करून घेतलीस!” असं आपण म्हणतोच की. तिथे ठरलेले टप्पे कुठे आहेत?

उत्तर : मान्य. बोलताना सरमिसळ होतेच. वजन आणि वस्तुमान, चाल आणि वेग यांचीही होते, तरी शाळेच्या पुस्तकात ते शब्द वाटून दिले आणि मुलांचा गोंधळ कमी झाला. इथेही वाटणी करावी, असं मला मनापासून वाटतं, कारण त्याशिवाय ‘स्टेडी स्टेट’, म्हणजे स्थिर स्थिती, समजतच नाही. वरच्या उदाहरणात स्थिती [०.६ ०.४] ला पोचली की पुढे हलत नाही. म्हणून माणसं हलायची थांबली का? ६०० लोकलवाल्यांपैकी १२० बसकडे जातात, ४०० बसवाल्यांपैकी १२० लोकलकडे येतात. दर महिन्याला २४० जणांची अवस्था बदलते आणि स्थिती मात्र जागची हलत नाही. दोन्हींना ‘अवस्था’ म्हटलंत तर हे वाक्य लिहिताच येणार नाही.

शब्दांच्या चर्चेत, ज्याच्या नावाने ही साखळी ओळखली जाते त्या रशियन गणिती मार्कोव्हची आठवण हवीच. १९१३ साली त्याने पुश्किनच्या काव्यातली २०,००० अक्षरं मोजली. अवस्था दोन, स्वर आणि व्यंजन. स्वरानंतर स्वर येण्याची संभाव्यता ०.१२८, व्यंजनानंतर स्वर येण्याची ०.६६३. एकूण स्वर ८,६३८, म्हणजे सुमारे ०.४३२, आणि वरच्या दोन संभाव्यतांवरून स्थिर स्थिती काढली तरी स्वरांचा वाटा ०.४३२ च येतो. भाचीला हे स्वतः करून बघू द्या.

प्रश्नकर्ती : ‘स्थिती-सारणी’ तिला आवडला. पण तिच्या एका पुस्तकात स्थिती आडवी आहे, दुसऱ्यात उभी.

उत्तर : दोन्ही चालतं. संक्रमण-सारणीत बेरीज १ कुठे येते ते आधी बघायला सांगा. ओळीची येत असेल तर स्थिती आडवी, सारणीच्या डावीकडे. स्तंभाची येत असेल तर उभी, उजवीकडे. गुणल्यावर नव्या स्थितीची बेरीज १ आली नाही, तर बाजू चुकली का ते सगळ्यात आधी तपासावं.