तोरा वाचतात, शिकतात की ऐकतात?

शब्दवेडी: एका अनुवादात अडकले आहे. ज्यू कुटुंबाच्या रोजच्या जगण्यावरचा लेख आहे आणि त्यात 'टोरा स्टडी' पावलोपावली येतं. टोरा म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची पहिली पाच पुस्तकं. 'तोरा-अभ्यास' लिहिलं तर तोरा मिरवण्याचा अभ्यास वाटतो. मराठी बायबलात 'नियमशास्त्र' आहे, पण ते वाचून कोर्टात उभं राहिल्यासारखं होतं. 'पारायण' चालेल का?

शुद्धलेखक: आधी 'तोराह' लिहा. मूळ शब्दाच्या शेवटी ह आहे.

ठाणेकर: ह लिहितात, उच्चारत नाहीत. आम्ही तोराच म्हणतो. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू, त्यामुळे घरचं सांगतो.

शब्दवेडीताई, 'नियमशास्त्र' मलाही खटकतं. हिब्रूत शिक्षकाला 'मोरे' म्हणतात, त्याच धातूतून 'तोरा' आला आहे. म्हणजे शिकवण. नियम त्यात आहेतच, पण भावाभावांची भांडणं आहेत, विहिरीवर जमणारी सोयरीक आहे, वाळवंटात काकड्या आणि कांदे आठवून रडणारी माणसंही आहेत. त्या सगळ्याला शास्त्र म्हणून कसं चालेल?

'पारायण' अर्धं जुळतं. पाच पुस्तकांचे 54 भाग पाडलेत, एकेकाला 'पराशा' म्हणतात. आठवड्याला एक, क्वचित दोन, असं वर्षात सगळं होतं. पण समाप्ती होत नाही. सिम्हात तोरा या सणाला शेवटच्या ओळी वाचतात आणि लगेच, त्याच बैठकीत, 'आरंभी' पासून पुन्हा सुरू. शिवाय पारायणात मध्येच कुणी हटकत नाही. इथे हटकतात! माझ्या बार मिट्झवाला, म्हणजे मुलगा धर्माच्या दृष्टीने मोठा होतो त्या विधीला, तेराव्या वर्षी, मी एक शब्द चुकीचा उच्चारला तर मागच्या बाकावरून तीन म्हातारे एकदम ओरडले. चर्मपत्रावर हाताने लिहिलेली गुंडाळी असते, तिच्यात स्वरचिन्हं नाहीत, पूर्णविराम नाहीत, त्यामुळे वाचणाऱ्याने आधी पाठ करूनच यायचं. अक्षरांना बोट लावायचं नाही, चांदीच्या काठीने दाखवत पुढे जायचं. त्या काठीच्या टोकाला इवलासा हात असतो, तर्जनी पुढे केलेला. माझा स्वतःचा हात इतका थरथरत होता की तो चांदीचा हात 'नको नको' म्हणतोय असं वाटत होतं.

शब्दवेडी: छान! पण लेखात दोघं समोरासमोर बसून वाद घालतात, त्याला काय म्हणायचं?

ठाणेकर: ती 'हव्रूता'. 'हावेर' म्हणजे मित्र, त्यावरून. आमच्या घरात ही पद्धत नव्हती, मी ती पहिल्यांदा इस्रायलमध्ये अश्दोदला मामांकडे गेलो तेव्हा पाहिली. दोन पोरं टेबलावर हात आपटत होती, मी मामांना म्हटलं, सोडवा त्यांना. मामा म्हणाले, "अरे, शिकतायत ते." तिथे मी बिनधास्त 'तोरा शिकणं' लिहीन. सभास्थानातल्या, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरातल्या, वाचनाला 'वाचन'.

आणि घरातल्याला? तिथे माझं मत वेगळं आहे. माझ्या आजीला हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं. रात्री डोळ्यांवर तळवा ठेवून 'शेमा इस्रायल' ही प्रार्थना म्हणायची, तेवढंच. शेमा म्हणजे ऐक. आता गंमत बघा, मराठीत आई 'ऐकत नाही हा कार्टा' म्हणते तेव्हा कार्ट्याचे कान शाबूत असतात. हिब्रूतही तसंच आहे, ऐकणं म्हणजे कानांनी ऐकणं आणि सांगितलेलं करणंही. तोरातल्या निर्गम या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात लोक म्हणतात, 'नआसे वनिश्मा', करू आणि ऐकू. आधी करू! आमचा कोकणातला इतिहास थेट याच क्रमाने झालाय. पोथ्या नव्हत्या तेव्हाही शनिवारी, विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद, मुलाची सुंता आठव्या दिवशी, खवले नसलेली मासळी घरात नाही. पुस्तक मागाहून आलं. 1846 साली मुंबईत मराठी अर्थासकट हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, छापला गेला, तोवर किती पिढ्या नुसत्या 'करत' होत्या.

आजी शुक्रवारी दुपारी काळ्या मनुका कोमट पाण्यात भिजत घालायची. संध्याकाळी त्या चुरून, फडक्यातून पिळून सरबत, त्यावर किद्दूश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद. बोटं जांभळी व्हायची तिची. मटणात नारळाचं दूध का, असं विचारलं तर म्हणायची, "आपल्यात तसंच करतात." तोरातलं ते वाक्य मी तिला तिच्या सत्तरीत वाचून दाखवलं, करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको. ती म्हणाली, "मग मी काय सांगत होते?"

आळीतला: मी अलिबागचा, इस्रायल आळीच्या पलीकडे आमचं घर. शेजारच्या काकू 'बिरड्याचा रोजा' म्हणायच्या, तो काय?

ठाणेकर: तिशा बेआव. यरुशलेमचं मंदिर पडलं त्याचा उपास. त्याआधीच्या दिवसांत मटण वर्ज्य, मग कोकणात काय करणार? मोड आलेले वाल. नाव तिथून पडलं. जुनी नावं सगळी अशीच आहेत: योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे 'दारफाळणीचा सण', दारं लावून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. उपासाला 'रोजा', सभास्थानाला मुंबईत 'मशीद', आणि पुण्यात त्याच प्रकारच्या वास्तूला लोक 'लाल देऊळ' म्हणतात.

शुद्धलेखक: हे शब्द लेखात कंसात मूळ नाव देऊन वापरा. ह चा आग्रह मागे घेतो.

शब्दवेडी: ठरलं. सभास्थानात 'वाचन', जोडीने 'तोरा शिकणं', आणि आजी असेल तिथे क्रियापदच बदलते. एकच राहिलं. लेखात मलिदा आहे आणि संपादकांनी त्यावर लाल प्रश्नचिन्ह काढलंय.

ठाणेकर: साहजिक आहे, ते रोज 'कंत्राटात कुणी मलिदा लाटला' छापतात. आमचा मलिदा म्हणजे गूळ-खोबरं घातलेले पोहे, वर फळं, एलियाहू हन्नबी, म्हणजे एलीया संदेष्टा, याच्या नावाने. लग्न ठरलं, आजार बरा झाला, नोकरी लागली की करतात. आमच्याकडे पेपरात तसला मथळा आला की वडील मोठ्याने वाचायचे आणि आई आतून विचारायची, "कुणाचं काय ठरलं?"